विंडोज १० वरून ११ वर जायचे आहे. हिशेब, मराठी पत्रे आणि फोटो जागचे हलणार नाहीत असा मार्ग कोणता?

अडत_वही (शनिवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद आणि गुळाच्या एका अडत दुकानाचे हिशेब मी विश्रामबागेतल्या घरून सांभाळते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात ते तसेच चालू ठेवणे बरे नाही, असे दुकानाच्या सीएंनी दोनदा बजावले आहे. संगणक जोडणीचा आहे: इंटेल आय-३ ९१००, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, त्यात सी, डी आणि ई असे तीन भाग. पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे साधन मात्र 'हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही' असे सांगते आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) व सिक्युअर बूट (संगणक सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) अशी दोन कारणे देते.

माझी भीती वेगळीच आहे. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा आधार संपला, तेव्हा आमचा आधीचा संगणक मी एका दुकानात नेऊन दिला होता. देण्यापूर्वी डेस्कटॉपवरचे सगळे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले होते, निदान मला तसे वाटत होते. संगणक परत आला, पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा कळले की मी फोल्डर नव्हे, तर कोपऱ्यात बाण असलेली त्यांची चिन्हे, म्हणजे शॉर्टकट, तेवढी उचलली होती. वडिलांनी शेवटच्या वर्षात सांगितलेल्या आणि मी टंकून घेतलेल्या आठवणींची ऐंशी पाने त्यात गेली. दुकानदाराने 'तुम्ही घेतलंय म्हणालात की' एवढेच म्हटले, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

म्हणून यावेळी हात लावण्यापूर्वी विचारत आहे.

कृष्णाकाठ (शनिवार, रात्री ९.४८)

ताई, एवढे मनाला लावून घेऊ नका. महत्त्वाचे सगळे डीमध्ये सरकवायचे, पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा, सी फॉरमॅट मारायचा आणि नवे विंडोज टाकायचे. तासाभराचे काम आहे. शिवाय कोऱ्या पाटीवर यंत्रही हलके चालते. मी आजवर असेच करत आलो आहे.

मिरज_दुरुस्ती (शनिवार, रात्री ११.०५)

कृष्णाकाठ यांचा मार्ग चुकीचा नाही, पण तो त्यांच्या हाताला बसलेला आहे, ताईंच्या नाही. मिरजेत बावीस वर्षे संगणक दुरुस्त करताना मी पाहिले आहे की फायली बहुधा विंडोज बदलताना जात नाहीत. त्या कुठे होत्या हे मालकाला ठाऊक नसल्यामुळे जातात. 'महत्त्वाचे सगळे डीमध्ये सरकवा' हे वाक्य ऐकायला सोपे आहे, परंतु महत्त्वाचे काय आणि ते आज कुठे आहे, याची यादी त्यात गृहीत धरलेली असते, आणि नेमकी तीच यादी कोणाकडे नसते.

डेस्कटॉप ही वेगळी जागा नसून सी ड्राइव्हमधल्या यूझर्स या फोल्डरातले एक फोल्डर आहे, त्यामुळे डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू सी फॉरमॅट केला की जाते. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांचेही तेच. टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममधल्या कंपन्यांची माहिती बहुतेक ठिकाणी सी ड्राइव्हमध्येच, यूझर्समधल्या पब्लिक फोल्डरात, नुसत्या आकड्यांची नावे असलेल्या फोल्डरांमध्ये असते, आणि '१००००' असे नाव पाहून हा काहीतरी कचरा असावा असे समजून ते मागे सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत. आउटलुकची टपाल फाईल, क्रोमचे बुकमार्क, स्टिकी नोट्समधल्या पिवळ्या चिठ्ठ्या, हे बहुधा ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असते. फाईल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय सुरू केल्याशिवाय ते डोळ्यांना दिसतच नाही.

पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून विंडोज टाकायला घेतले, तर फायली आणि प्रोग्राम जागेवर ठेवण्याचा पर्याय मिळत नाही. तो हवा असेल तर चालू विंडोज १० मध्ये बसूनच सेटअप चालवावा लागतो. तिथे तीन पर्याय येतात: फायली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवणे, फक्त वैयक्तिक फायली ठेवणे, किंवा काहीच न ठेवणे. ताईंसाठी पहिला. आणखी एक गोष्ट म्हणजे, पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर डिस्कच्या भागांची जी यादी दिसते, तिच्यात सी, डी ही अक्षरे नसतात. 'पार्टिशन १, २, ३' आणि आकार एवढेच असते. रात्री अकरा वाजता, घाईत, तिथे भलताच भाग उडवल्याची दोन प्रकरणे माझ्याकडे याच वर्षी आली.

ताई, तुमचा प्रोसेसर नवव्या पिढीचा आहे आणि इंटेलमध्ये विंडोज ११ आठव्या पिढीपासून चालते, त्यामुळे यंत्र मुळात पात्र आहे. टीपीएम २.० तुमच्या यंत्रातच पीटीटी या नावाने असावे. जोडणी करणाऱ्याने ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, सुरू केलेले नाही, इतकेच. तूर्त बायोसला हात लावू नका. आधी शोध घ्या आणि काय सापडले ते इथे लिहा.

कृष्णाकाठ (रविवार, सकाळी ७.३०)

मिरजकरांचे म्हणणे मान्य आहे. माझ्या संगणकावर टॅलीही नाही आणि आउटलुकही नाही, म्हणून मला ते सुचले नाही.

अडत_वही (रविवार, दुपारी १.२०)

सकाळपासून शोध घेतला. टॅलीच्या सहा कंपन्या खरोखरच सीमध्ये पब्लिक फोल्डरात आहेत. गेली पाच वर्षे मी त्या डीमध्ये आहेत असे समजत होते, कारण डीमध्ये 'टॅली' नावाचे फोल्डर मीच तयार केले होते आणि त्यात २०२१ सालचा एक जुना बॅकअप तेवढा आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, हे मीच इतरांना सांगत असते.

दुसरे आश्चर्य असे की डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठ्यात, गेले आहे, आणि मी ते केल्याचे मला आठवत नाही. काही फायलींपुढे निळ्या ढगाचे चिन्ह आहे, तर काहींपुढे हिरवी खूण आहे. हा काय प्रकार आहे? आणि मुलीच्या लग्नाचे चित्रीकरण पेन ड्राइव्हवर घेताना 'फाईल फार मोठी आहे' असा संदेश येतो, जेव्हा की पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा असून रिकामा आहे.

मिरज_दुरुस्ती (रविवार, दुपारी ३.१५)

पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने आखलेला असणार. त्या पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. रिकामा आहे तोवर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

निळा ढग म्हणजे फाईल तुमच्या यंत्रावर नाही, फक्त तिचे नाव आहे. हिरवी खूण म्हणजे ती यंत्रावर उतरलेली आहे. वनड्राइव्ह नवे खाते जोडताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स आपल्याकडे घेऊ का असे विचारते, आणि आपण 'पुढे' दाबत जातो. फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की नव्या फायली वर जाणे थांबते आणि कोपऱ्यातली सूचना कोणी वाचत नाही. त्यामुळे काही फायली फक्त वर, काही फक्त खाली, अशी खिचडी होते. डॉक्युमेंट्सवर उजवे बटण दाबून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळ्या खुणा हिरव्या होईपर्यंत थांबा आणि मगच नक्कल घ्या.

पेन ड्राइव्हवर विसंबू नका. एक बाह्य हार्ड डिस्क घ्या. घाईने आठवड्याभरात उरकण्यासारखे हे काम नाही.

जुळणीकार (रविवार, सायंकाळी ६.४०)

खणभागात माझे पत्रिका आणि बिलबुकांच्या जुळणीचे छोटे काम आहे, म्हणून मराठी फायलींबद्दल लिहितो, कारण या विषयावर बहुतेक ठिकाणी काहीच लिहिलेले नसते.

फाईल शाबूत असूनही गेल्यासारखी वाटते, असा प्रसंग मराठी माणसावरच अधिक येतो. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएम या टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या काळातील डीव्हीबी-टीटी सुरेख यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. तो इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गठ्ठा असतो आणि फॉन्ट त्याला मराठीचे रूप देतो. विंडोज कोरे टाकले की विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातले हे फॉन्ट जातात, आणि मग पत्र उघडल्यावर एकही ओळ वाचता येत नाही. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक तीस वर्षांच्या भाषणांची फाईल घेऊन रडवेले होऊन आले होते. फाईल बिघडली असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मी फॉन्ट टाकला आणि भाषणे पुन्हा उभी राहिली. सरांनी तिथेच खुर्चीत बसून पहिले भाषण मोठ्याने वाचून दाखवले, आणि ते बरेच लांब होते.

म्हणून फॉन्ट्स फोल्डरातले सगळे जुने मराठी फॉन्ट वेगळ्या फोल्डरात नक्कल करून ठेवा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक मराठी म्हणूनच ओळखतो अशा पद्धतीत, टंकलेल्या मजकुराला हा धोका नाही, पण तिथेही एक गंमत आहे: मंगल हा फॉन्ट विंडोज १० पासून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक जोडणीत गेला आहे, त्यामुळे कोऱ्या विंडोजवर तो नसू शकतो आणि पानांची मांडणी सरकते. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून तो परत घेता येतो. मजकूर निर्मला यूआयमध्ये तसाही वाचता येतोच.

ज्यांचे सॉफ्टवेअर लॉकवर, म्हणजे यूएसबीच्या डाँगलवर चालते, त्यांनी त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी मिळतो का हे आधी विचारून घ्यावे. माझे एक यंत्र याच कारणाने अजून विंडोज ७ वर आहे आणि त्याला इंटरनेटची तार लावलेली नाही.

गावभाग_पूररेषा (रविवार, रात्री ८.५५)

बाह्य डिस्क घ्याल तेव्हा ती ठेवणार कुठे, हेही ठरवा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराच्या वेळी आमच्याकडे संगणक टेबलावर आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे हे आम्हाला पाठ होते, तरीही पाणी तिच्या कितीतरी वर जाईल असे वाटले नव्हते. आम्ही माणसे आणि दागिने घेऊन निघालो. परतल्यावर दोन्ही वस्तू एकाच चिखलात सापडल्या.

आता एक डिस्क घरी असते आणि दुसरी इस्लामपुरात बहिणीकडे. दिवाळीला आणि गणपतीत अदलाबदल होते. तीन नकला, दोन प्रकारची साधने, एक नक्कल घराबाहेर, असा नियम संगणकवाले सांगतात. आम्हाला तो कृष्णेने शिकवला.

तासगाव_बेदाणा (सोमवार, सकाळी १०.०५)

थोडे वेगळे मत मांडतो. एवढा खटाटोप आत्ताच करायला हवा का? घरगुती विंडोज १० ला सुरक्षेची सुधारणा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते. २२-एच-२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते असले, आणि सेटिंग्ज त्या खात्याशी जुळवून ठेवण्यास मान्यता दिली, की पैसेही पडत नाहीत. अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो. मी तेच केले आहे. माझा दुसरा संगणक सहाव्या पिढीचा असल्याने विंडोज ११ साठी बाद आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली घातली आणि बेदाण्याच्या शीतगृहाच्या पावत्यांचे काम त्यावर व्यवस्थित चालते. अटी चुकवून विंडोज ११ घालण्याच्या युक्त्या आहेत, पण हिशेबाच्या यंत्रावर मी त्या करणार नाही.

मिरज_दुरुस्ती (सोमवार, दुपारी २.३०)

मुदतवाढ घ्यावीच, म्हणजे घाई राहत नाही. मात्र ताईंचे यंत्र पात्र आहे आणि टॅली लिनक्सवर नीट चालवणे हा त्यांच्यासाठी नवा व्याप होईल, म्हणून मी त्यांना ११ वरच जायला सांगेन.

ताई, नक्कल घेऊन झाली की ती तपासा. मूळ फोल्डर आणि नक्कल या दोहोंच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि आकार जुळतात का पाहा, आणि मग ती डिस्क दुसऱ्याच संगणकाला लावून पाच-सहा फायली उघडा. टॅलीचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून एखाद्या गिऱ्हाइकाच्या खात्याची बाकी जुळवून बघा. २०२० मध्ये तुम्ही दुसऱ्या यंत्रावर एक फाईल उघडली असती, तर बाणाची चिन्हे त्याच दिवशी उघडी पडली असती. हे टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. रोज पाहतो म्हणून लिहितो.

यानंतरचा भाग. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोडपुढे 'लेगसी' दिसत असेल, तर तुमची डिस्क एमबीआर पद्धतीची, म्हणजे भागांच्या नोंदीच्या जुन्या पद्धतीची, आहे. सिक्युअर बूटसाठी ती जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाची आज्ञा आहे आणि ती माहिती न पुसता हे काम करते. तिच्यात नुसती तपासणी करण्याचा पर्याय आहे. आधी तेवढाच चालवा. आणि बायोस बदलण्यापूर्वी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, चालू नाही ना हे पाहा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ती नसली तर डिस्क शाबूत आणि आपण दाराबाहेर, अशी अवस्था होते.

अडत_वही (पुढचा शनिवार, सायंकाळी ५.५०)

आठवडा नकला घेण्यात गेला. एक डिस्क कपाटात आणि दुसरी भावाकडे कुपवाडला ठेवली आहे. भावाच्याच लॅपटॉपवर टॅली रिस्टोअर करून तीन खात्यांच्या बाक्या जुळवल्या, जुळल्या. बिटलॉकर बंद आहे.

एमबीआर-टू-जीपीटीची तपासणी मात्र नापास झाली. डिस्कची मांडणी चालणार नाही, अशा अर्थाचा संदेश आला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी आणि डी गडद निळ्या पट्टीत आहेत, तर ई फिकट निळ्या पट्टीत असून त्याभोवती हिरवी चौकट आहे.

मिरज_दुरुस्ती (शनिवार, रात्री १०.१५)

ती हिरवी चौकटच अडचण आहे. ई हा लॉजिकल भाग असून तो एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत आहे. ही आज्ञा एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल भाग असलेली डिस्क घेत नाही, आणि प्राथमिक भागही तीनपेक्षा अधिक चालत नाहीत. तुमचे तीन म्हणजे सिस्टीम रिझर्व्ह्ड (विंडोजचा स्वतःचा छोटा भाग), सी आणि डी. ईमधले सर्व दोन्ही डिस्कांवर आहे याची पुन्हा खात्री करा. मग डिस्क मॅनेजमेंटमधून ई काढा आणि जी रिकामी हिरवी चौकट उरेल तीही काढा. तपासणी पुन्हा चालवा. पास झाली की रूपांतर करा, आणि लगेच बायोसमध्ये जाऊन बूटची, म्हणजे संगणक सुरू होण्याची, पद्धत 'लेगसी'ऐवजी यूईएफआय करा. हे विसरलात तर विंडोज सुरू होणार नाही आणि उगाच धसका बसेल. त्याच फेरीत पीटीटी आणि सिक्युअर बूटही सुरू करा. ईची जागा नंतर पुन्हा आखता येते.

यूपीएसची बॅटरी किती वेळ टिकते ते पाहून ठेवा.

अडत_वही (रविवार, रात्री ९.३५)

काम झाले. ई काढताना 'डिलीट व्हॉल्यूम'वर बोट ठेवून पाच मिनिटे बसले होते. शेवटी यजमानांनी भावाला फोन लावून 'डिस्क तुमच्या हातात आहे ना' असे विचारून घेतले आणि मग मी बटण दाबले. तपासणी पास झाली, रूपांतर मिनिटाच्या आत झाले, बायोस बदलला आणि हेल्थ चेकमध्ये हिरवी खूण आली.

पहिल्या प्रयत्नात सेटअपमधला 'फायली आणि प्रोग्राम ठेवा' हा पर्याय फिकट दिसत होता, तो निवडताच येईना. तिथेच थांबले आणि सेटअप रद्द केला. कारण असे निघाले की माझे विंडोज इंग्लिश युनायटेड स्टेट्सचे आणि उतरवलेली आयएसओ, म्हणजे विंडोजच्या सेटअपची, फाईल इंग्लिश इंटरनॅशनलची होती. योग्य भाषेची फाईल पुन्हा उतरवली आणि पर्याय खुला झाला. साध्या हार्ड डिस्कमुळे पुढे तीन तास लागले. मधे वीज एकदा गेली, पण यूपीएसने सांभाळले.

टॅली, फॉन्ट आणि फोटो जागेवर आहेत. डिजिटल सहीचा टोकन तेवढा ओळखला जात नव्हता; सही टोकनमध्येच असते हे माहीत असल्याने घाबरले नाही, नवा ड्रायव्हर टाकल्यावर तो चालू लागला. सीमध्ये विंडोज-डॉट-ओल्ड नावाचे मोठे फोल्डर आले आहे. ते काढून जागा मोकळी करू का?

मिरज_दुरुस्ती (रविवार, रात्री १०.०२)

दहा दिवस राहू द्या. काही अडले तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून त्याच फोल्डराच्या आधारे विंडोज १० वर परत जाता येते, आणि ही सोय दहा दिवसांचीच असते. तोवर दुकानाची एक पूर्ण आठवड्याची बिले, एक बँकेचा व्यवहार आणि एक जीएसटीचे काम नव्या विंडोजवर करून पाहा. नंतर विंडोज ते फोल्डर आपणच काढते. नाही काढले तर डिस्क क्लीनअपमधून काढा, हाताने डिलीट करू नका. आणि वनड्राइव्हच्या खुणा एकदा पुन्हा पाहून घ्या.

जुळणीकार (सोमवार, सकाळी ८.२०)

ताई, जुन्या संगणकातली ती हार्ड डिस्क अजून आहे का? २०२० नंतर तिच्यावर फारसे काही लिहिले गेले नसेल, तर साध्या हार्ड डिस्कवरून पुसलेले कधी कधी परत मिळते. एसएसडी असती तर आशा जवळपास नव्हती. तिला वीज न लावता मिरजकरांकडे न्या.

अडत_वही (सोमवार, सकाळी ८.४५)

माळ्यावर आहे. त्या दिवसानंतर तो संगणक फक्त दोन महिने वापरला होता. दादा, बुधवारी दुपारी आणली तर चालेल का?